वॉचमनच्या गावाला मदत करू इच्छिणाऱ्या सोसायट्यांना खुलं पत्र

मुंबई आणि उपनगरांतल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि सभासद यांना,

सप्रेम नमस्कार.

गणपती झाले की आमच्या न्यासाकडे फोन येऊ लागतात, ते दिवाळीपर्यंत येत राहतात. "आमचा वॉचमन नेपाळच्या अछामचा आहे. त्याच्या गावासाठी काहीतरी करायचंय. काय करू?" विचारणारे मनापासून विचारतात. कुणी तीस-चाळीस हजार रुपये गोळा केलेले असतात, कुणाकडे स्वेटर आणि ब्लँकेटांची पोती बांधून तयार असतात, कुणाला वडिलांच्या स्मरणार्थ पाण्याची टाकी बांधून द्यायची असते. फोनवर बोलणं अर्धवट राहतं. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

आमचा न्यास लहान आहे. अछाम जिल्ह्यातल्या मोजक्या डोंगरी वस्त्यांमध्ये पिण्याचं पाणी आणि बायकांचं आरोग्य, एवढंच काम आम्ही करतो, तेही तिथल्या स्थानिक संस्थेमार्फत. न्यासाचं नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण हे देणगीचं आवाहन नाही. मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत आणि खरं म्हणजे त्या एकच आहेत. गावासाठी द्यायचं असेल तर थोडं द्या, पण दर वर्षी, ठरल्या वेळी, काही वर्षं न चुकता द्या. आणि ज्याच्या गावाची काळजी वाटते त्या माणसाचा पगार, रजा आणि आजारपण आधी मार्गी लावा. त्या गावांचं अडतं ते भरवशाच्या पैशावाचून. एकदाच आलेला मोठा पैसा तिथे फार टिकत नाही, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

अछाम आणि तुमचं गेट यांचं नातं जुनं आहे. ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात मैत्री करार झाला. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, कामधंदा करण्याची आणि फिरण्याची मुभा दिली. त्यामुळे सुदूरपश्चिम प्रांतातल्या अछाम, डोटी, बझांग, बाजुरा या जिल्ह्यांतली माणसं पासपोर्ट-व्हिसाशिवाय मुंबईत येतात. आखातात किंवा मलेशियात जायचं तर एजंटला आधी पैसे मोजावे लागतात, त्यासाठी कर्ज काढावं लागतं, जमीन गहाण टाकावी लागते. मुंबईला यायला गाडीभाडं पुरतं. म्हणजे ज्याच्याकडे गहाण टाकायलाही काही नाही, तो तुमच्या दारात येतो. नेपाळी वॉचमन हा तिथल्या गरिबांतलाही गरीब असण्याचा संभव जास्त, तो यामुळे.

१९९६ ते २००६ या, माओवादी आणि नेपाळ सरकार यांच्यातल्या सशस्त्र संघर्षाच्या काळात हा ओघ वाढला. फेब्रुवारी २००२ मध्ये माओवाद्यांनी अछाम जिल्ह्याचं मुख्यालय मंगलसेन आणि साँफेबगरचा विमानतळ यांवर मोठा हल्ला केला. त्या काळात कितीतरी तरुण मुलांना घरच्यांनीच बाहेर काढून दिलं, कारण गावात राहिला तर एक ना एक बाजू त्याला उचलून नेणार ही भीती होती. युद्ध संपलं तरी जाणं थांबलं नाही. २०११ च्या जनगणनेत अछामची लोकसंख्या सुमारे २ लाख ५७ हजार होती, २०२१ मध्ये ती सुमारे २ लाख २९ हजारांवर आली. गावात गेलं की शेतात, गोठ्यात, नळावर, शाळेच्या मीटिंगला, जिकडेतिकडे बायका, म्हातारी माणसं आणि मुलं दिसतात.

आता पाण्याबद्दल, कारण निम्मे फोन टाकीसाठी असतात.

अछामची वस्ती साधारण डोंगराच्या मध्यावर असते. बुढीगंगा नदी खाली, खूप खाली. झरा वर, कधी तासाभराच्या चढावर. झऱ्याच्या तोंडाशी सिमेंटचं छोटं टाकं बांधतात, त्याला जाळी लावतात, तिथून काळा एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकचा पाइप कड्याकडेने उतरत येतो. माती असेल तिथे तो पुरलेला असतो, खडक असेल तिथे उघडा. वस्तीच्या वर एक साठवण टाकी, तिच्याखाली नळकोंडाळी. यातलं टाकी हे सर्वांत सोपं काम आहे आणि फोटोत तेच दिसतं. बिघडतं ते बाकीचं. पावसाळ्यात दरड येते आणि पाइपचा तुकडाच ओढून नेते. जाळीत पानं आणि गाळ बसतो, पाणी बाजूने वाहून जातं. थंडीत उघड्या पाइपातलं पाणी गोठतं आणि पाइप चिरतो.

पाइप जोडायचं काम मी जवळून पाहिलं आहे. फुटलेला भाग काढून दोन्ही टोकं करवतीने अगदी सरळ कापायची. तापवायची लोखंडी प्लेट स्टोव्हवर ठेवायची, कारण त्या कड्यावर वीज कुठून असणार. प्लेट पुरेशी तापली की दोन्ही टोकं तिच्या दोन बाजूंना टेकवायची. कडा वितळून मऊ होतात, बाहेरच्या बाजूला त्यांची वळी उमटते. तेवढ्यात एकाने प्लेट ओढून घ्यायची आणि दुसऱ्याने दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून धरायची, गार होईपर्यंत हात हलवायचा नाही. पाऊस असेल तर तिसऱ्याने वर प्लास्टिकचा कागद धरायचा. वळी सारखी आली नाही तर तो सांधा महिन्याभरात गळतो. आमच्या वस्त्यांमध्ये हे काम एक माणूस नीट करतो. तो पूर्वी चेंबूरमध्ये एका इमारतीत पंप सांभाळायचा. परत गेला, शिकला, आता तीन वस्त्यांचा पाइप त्याच्या जिवावर चालतो. पाऊस थांबला की कुणी सांगायची वाट न बघता तो वर चढून जाळी साफ करून येतो.

या माणसाचा अर्धवेळ पगार महिन्याला पंधरा हजार नेपाळी रुपये आहे. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून भारतीय रुपयाशी बांधलेला आहे, आपला एक म्हणजे त्यांचा एक रुपया साठ पैसे. तेव्हा हिशेब सरळ आहे: आपले ९,३७५ रुपये. एवढे पैसे दर महिन्याला मिळवताना आमची जी दमछाक होते, ती टाकीसाठी कधी होत नाही. टाकीला देणगीदार रांगेत उभे असतात. एका सोसायटीने टाकी दिली, चांगली दिली, संगमरवरी फलकही पाठवला. दोन पावसाळ्यांनंतर वरचा पाइप दरडीबरोबर गेला आणि टाकी कोरडी पडली. दुरुस्तीसाठी आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा उत्तर मिळालं की दुरुस्तीला सभासद तयार होणार नाहीत, दुसऱ्या गावात नवीन टाकी असेल तर सांगा.

हे उत्तर मला अजून पटत नाही. कारण दुरुस्ती म्हणजे काय हे सोसायटीइतकं दुसरं कुणाला कळतं? तुमच्या आदर्श उपविधींतच लिहिलेलं आहे की प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या ०.७५ टक्के दर वर्षी दुरुस्ती निधीला आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडाला गोळा करायचे. मेंटेनन्सच्या बिलात ती रक्कम दर वेळी येते आणि कुणी विचारत नाही की इमारत तर उभी आहे, मग हे कशाला. डोंगरावरचा पाइप तुमच्या इमारतीहून नाजूक आहे. त्यालाही तेवढंच लागतं.

"आमच्या देणगीतला एकही रुपया प्रशासनावर जाता कामा नये," ही अट आम्हाला लेखी घातली जाते. अट घालणाऱ्यांना वाटतं की पैसा थेट गरिबापर्यंत पोचावा, आणि ही भावना मी समजू शकते. पण पाइप जोडणाऱ्याचा पगार हे प्रशासन धरायचं का? पावसाळ्यात चार दिवस रस्ता बंद असताना पायी जाऊन पाण्याचा नमुना घेणाऱ्या मुलीचा जेवणखर्च? ऑडिट फी? हे सगळं काढून टाकलं तर उरतो तो फलक. माझं स्पष्ट मत आहे की लहान संस्थेला मदत करायची असेल तर माणसांच्या पगाराला करावी. सिमेंट कुणीही देतं.

नियमांबद्दल थोडक्यात, कारण त्याबद्दलही गैरसमज आहेत. पैसा परदेशात खर्च करण्याचे नियम कडक आहेत आणि ते तसे असावेत. आयकर कायद्यानुसार धर्मादाय न्यासाने भारताबाहेर खर्च केलेल्या उत्पन्नाला करसवलत हवी असेल तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश लागतो, आणि ते काम भारताला स्वारस्य असलेल्या आंतरराष्ट्रीय कल्याणाचं असावं लागतं. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी बाजूला काढलेला पैसा आमच्या नेपाळमधल्या कामाला चालत नाही. कंपनी कायद्याच्या सीएसआर नियमांत भारताबाहेरचं काम धरलंच जात नाही, अपवाद फक्त राष्ट्रीय पातळीवर आपल्या राज्याकडून किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर भारताकडून खेळणाऱ्या आपल्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. तेव्हा "आमच्या सोसायटीतले अमुक साहेब कंपनीत सीएसआर बघतात, त्यांच्याशी बोलून देतो" असं सांगून आशा लावू नका. तिकडे नेपाळमध्ये स्थानिक संस्थेला बाहेरून मदत घ्यायची तर काठमांडूच्या समाज कल्याण परिषदेची मान्यता लागते, आणि काम करताना गाउँपालिकेला (तिथली ग्रामपालिका) आणि वडा अध्यक्षाला (प्रभागाचा अध्यक्ष) बरोबर घ्यावं लागतं. २०१५ च्या संविधानानंतर तिथे ७५३ स्थानिक सरकारं झाली आणि पाणी, शाळा, आरोग्य केंद्र यांचा बराच कारभार त्यांच्याकडे गेला. त्यांना डावलून मुंबईहून कुणी टाकी बांधायला गेलं तर ते मला योग्य वाटणार नाही.

हिशेबाचंही तसंच. आमचं वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यांचं असार महिन्याच्या अखेरीला, म्हणजे जुलैच्या मध्याला. पावत्यांवर तारीख विक्रम संवताची. '२०७९ फागुन' असं लिहिलेली, पाइप जोडायच्या युनियन आणि वॉशरची पावती समोर आली की आमचे सीए कडेला पेन्सिलीने '२०२३ फेब्रुवारी-मार्च' असं लिहितात आणि मग पुढे जातात. लिपी एकच असल्यामुळे त्यांना पावत्या वाचता येतात, हे आमचं मोठं भाग्य. या सगळ्याला वेळ आणि पैसा लागतो. चाळीस हजारांची एकदाची देणगी आली तरी कागदपत्रं तेवढीच, आणि पुढच्या वर्षी तो पैसा येणार की नाही हे माहीत नसल्यामुळे त्यावर माणूस नेमता येत नाही. दर वर्षी दहा हजार देणाऱ्या चार कुटुंबांवर नेमता येतो.

कपडे आणि ब्लँकेटं पाठवू नका. वाहतूक आणि सीमेवरची कागदपत्रं यांत त्यांच्या किमतीहून जास्त पैसे जातात. तीच ब्लँकेटं नेपाळमधल्या धनगढीच्या बाजारात मिळतात, आणि तिथे घेतली तर तिथल्या दुकानदाराचा धंदा होतो.

३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री जाजरकोटला भूकंप झाला, दीडशेहून जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवसापासून आमचा फोन खाली ठेवता येत नव्हता. जाजरकोट कर्णाली प्रांतात, आमच्या वस्त्यांपासून दूर. तिथे आमची ओळख नाही, माणूस नाही, म्हणून आम्ही पैसे घेतले नाहीत आणि तिथे आधीपासून काम करणाऱ्यांकडे लोकांना पाठवलं. पण पुढचं सांगायला हवं. तो हिवाळा लोकांनी ताडपत्रीखाली काढला, आणि थंडी जसजशी वाढत गेली तसतसे फोन कमी होत गेले. संकटाची बातमी असते तेव्हा पैसा असतो. ताडपत्री फाटते तेव्हा नसतो.

आणखी एक विषय प्रत्येक फोनवर निघतो, तो छाउपडीचा. मासिक पाळीच्या दिवसांत बाईने घराबाहेरच्या झोपडीत किंवा गोठ्यात राहायचं, ही प्रथा अछाममध्ये आहे, हे खरं. थंडीने, धुराने गुदमरून, सर्पदंशाने बायका त्यात मेल्या आहेत, हेही खरं. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ऑगस्ट २०१८ पासून बाईला असं बाहेर राहायला भाग पाडणाऱ्याला तीन महिने कैद किंवा तीन हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये अछाममधल्या एका मृत्यूनंतर प्रशासनाने झोपड्या पाडायची मोठी मोहीम काढली. हजारो पाडल्या. आणि मग काही ठिकाणी त्या पुन्हा उभ्या राहिल्या, काही ठिकाणी बायका गोठ्यात, ओसरीखाली, उघड्यावर झोपू लागल्या, म्हणजे आधीपेक्षा वाईट. पाडणारे आले आणि गेले. सासूशी, धामीशी म्हणजे तिथल्या भगताशी, मुलीच्या आजीशी महिनोन्महिने बोलायला तिथे कुणी थांबलं नव्हतं.

थांबते ती गावातली महिला स्वास्थ्य स्वयंसेविका. नेपाळने १९८८ मध्ये ही योजना सुरू केली, आज देशभरात पन्नास हजारांच्या आसपास अशा बायका आहेत, आणि त्यांना पगार नाही, किरकोळ भत्ता आहे. आमच्या एका वस्तीत अशी एक ताई आहे. ती घरोघर जाऊन एवढंच म्हणते की बाहेर पाठवू नका, घरातल्या घरात एक कोपरा वेगळा करा, पाणी तिला घेऊ द्या. पहिलं वर्ष तिला कुणी दारात उभं केलं नाही. आता त्या वस्तीत बऱ्याच घरांनी तो कोपरा केला आहे. प्रथा गेलेली नाही, पण मुलगी रात्री कडी लावलेल्या दाराच्या आत झोपते. या ताईला आम्ही जे मानधन देतो तेही दर वर्षी टिकवायला लागतं. त्या झोपड्यांचे, त्यात बसलेल्या मुलींचे फोटो मात्र आमच्याकडे मागू नका. मागितले तरी मिळणार नाहीत. ज्या मुलीचा फोटो तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणार, तिचा बाप कदाचित तुमच्याच गेटवर बसलेला असेल.

आता त्या बापाबद्दल. आमचा न्यास वर्षभरात जेवढा पैसा अछामला पाठवतो, त्याहून कितीतरी जास्त पैसा एका वस्तीतले वॉचमन मुंबईतून मिळून घरी पाठवतात. नेपाळच्या अर्थव्यवस्थेत बाहेरून येणारा हा पैसा सकल उत्पन्नाच्या पाव हिश्श्याच्या आसपास आहे. तेव्हा गावाला होणारी खरी मदत ही त्याचा पगार आहे, आणि तो पगार तुमच्या हातात आहे. तरीही गावासाठी वर्गणी काढणाऱ्या सोसायटीतच त्याला पगार कसा मिळतो ते पाहा. सेक्रेटरी बाहेरगावी असले की दहा-बारा दिवस उशिरा. रोख, व्हाउचरवर सही घेऊन. साप्ताहिक सुट्टी नाही. झोपायला पंपरूम किंवा जिन्याखालची मीटरची खोली. पगार पुरत नाही म्हणून पहाटे गाड्या धुवायच्या. रजेवर जायचं तर बदली त्यानेच शोधायचा आणि त्याचे पैसेही त्यानेच द्यायचे. परत यायला आठवडा उशीर झाला तर जागा गेलेली असते.

उशीर का होतो हे त्या वाटेने गेलं की कळतं. मुंबईहून गाडीने उत्तर प्रदेश किंवा उत्तराखंड, मग बसने गौरीफंटा किंवा बनबसाची सीमा, पुढे अत्तरिया, डडेल्धुरा, डोटी, साँफेबगर, आणि तिथून जीप मिळाली तर जीप, नाहीतर पायी. दरड आली की रस्ता दोन-दोन दिवस बंद. वर्षाची कमाई रोख कमरेला बांधलेली. गाडीत गुंगीचं औषध देऊन लुटलेले, सीमेवर अडवून पैसे काढून घेतलेले असे लोक आमच्याकडे दर हंगामात येतात.

रोखीचं आणखी एक दुखणं आहे. २०१५ मध्ये नेपाळमध्ये पंचवीस हजारांपर्यंत पाचशे-हजारच्या भारतीय नोटा नेण्याची परवानगी मिळाली. ८ नोव्हेंबर २०१६ ला त्या नोटा रद्द झाल्या, आणि गावात पेटीत, धान्याच्या कणगीत ठेवलेल्या नोटा तशाच राहिल्या. आपण रांगेत उभं राहून बदलून घेतल्या. त्यांना रांगच नव्हती. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन झाला, सीमा बंद झाली, आणि दार्चुलाजवळ काहींनी घरी पोचण्यासाठी सीमेवरच्या महाकाली नदीत उड्या मारून ती पोहून पार केली. त्या महिन्यांत ज्या सोसायट्यांनी गावी अडकलेल्या वॉचमनचा पगार चालू ठेवला, त्यांच्याबद्दल त्या वस्त्यांत आजही आदराने बोलतात. इमारतीचं नाव पाठ असतं त्यांना.

पैसे पाठवायला चांगली सोय आहे, ती फार कमी लोकांना माहीत आहे. रिझर्व्ह बँकेने मे २००८ मध्ये भारत-नेपाळ पैसे पाठवण्याची योजना सुरू केली. एनईएफटीने भारतातल्या बँकेतून पैसे जातात, स्टेट बँक आणि नेपाळ एसबीआय बँक यांच्यामार्फत तिकडे नेपाळी रुपयांत मिळतात, आणि घेणाऱ्याचं बँकेत खातं नसलं तरी मिळू शकतात. २०२१ पासून खात्यातून एका वेळी दोन लाखांपर्यंत पाठवता येतात, रोख भरून पन्नास हजारांपर्यंत. खात्यातून पाठवायला फक्त वॉचमनच्या नावाचं खातं लागतं, आणि खातं उघडताना अडचण पत्त्याच्या पुराव्याची येते. सोसायटीच्या लेटरहेडवर तो इथे राहतो, इथे काम करतो असं एक पत्र आणि बरोबर जाणारा कमिटीचा एक माणूस, एवढ्याने बरीच कामं सुटतात. तुम्हाला याला एक सकाळ लागेल.

आजारपणाचं एकच सांगते. पंपरूममध्ये झोपणाऱ्या माणसाला खोकला सुटला आणि तो थांबत नसेल तर त्याला महापालिकेच्या दवाखान्यात न्या, क्षयाची तपासणी आणि औषधं तिथे मोफत आहेत. क्षयाचं औषध किमान सहा महिने न चुकता घ्यावं लागतं. खोकणारा माणूस नको म्हणून त्याला गावी पाठवून दिलं की औषध मध्येच तुटतं, आणि तो आजार घरातल्या मुलांपर्यंत जातो. अछाम-डोटीत एचआयव्हीसुद्धा मुंबईहून परतणाऱ्यांबरोबर पोचला, हे वीस वर्षांपूर्वीच्या अभ्यासांतही नोंदलेलं आहे. मुंबईने त्या गावांना पैसा दिला तसे हे आजारही दिले. आमचं बायकांच्या आरोग्याचं काम त्यातूनच सुरू झालं.

तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते. दशैं हा नेपाळमधला मोठा सण त्याच सुमाराला, आपल्या घटस्थापनेच्या दिवशी सुरू होतो आणि दसऱ्याला घरातली वडीलधारी माणसं कपाळाला टिका लावतात. त्याआधी भाद्रपदात, आपल्याकडे गौरी येतात त्या दिवसांच्या आसपास, सुदूरपश्चिमेत गौरा पर्व असतं. बायका बिरुडा म्हणजे कडधान्यं भिजवतात, अंगणात देउडा हा फेर धरून गाण्या-नाचण्याचा प्रकार रंगतो. या दोन्हींपैकी एका सणाला तरी घरी जाता यावं एवढीच बहुतेकांची इच्छा असते. तेव्हा या वर्षीच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या: वर्षातून एक महिना पगारी रजा, त्या काळातल्या बदलीचा खर्च सोसायटीचा, वाटेत दरड आली तर जागा पंधरा दिवस राखून, आणि पगार दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात. पन्नास सदनिकांच्या इमारतीत याचा भार घरटी किती येतो हे तुमचे खजिनदार पाच मिनिटांत काढून देतील.

एवढं झाल्यावर गावासाठी द्यायची इच्छा असेल तर जरूर द्या. सोसायटीच्या निधीतून नको, त्याला सहकार कायद्याची बंधनं आहेत आणि सभासदांत वादही होतात. ज्यांना वाटतं त्यांनी आपापल्या खिशातून, आणि किमान तीन वर्षांचं ठरवून. आम्हालाच द्यावं असं मुळीच नाही. ज्या संस्थेला द्याल तिला तीन गोष्टी विचारा: तिथे तुमचा कायमचा माणूस कोण, त्याचा पगार कुठून येतो, आणि मागच्या पाच वर्षांत केलेल्या कामांपैकी आज चालू किती आहेत. या तिसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर जी संस्था देईल, बंद पडलेल्या कामांसकट देईल, तिला द्या.

आम्हाला बोलावलंत तर रविवारी संध्याकाळी कमिटीच्या बैठकीला येऊ, पावत्या आणि ऑडिटचे कागद घेऊन येऊ. एकच विनंती आहे. बोलणं त्याच्या गावाबद्दल आहे, तेव्हा तुमच्या वॉचमनलाही त्या बैठकीत खुर्ची द्या. तेवढा वेळ गेटवर कमिटीतल्या कुणीतरी बसावं.

आपली,
न्यासाची एक विश्वस्त
मुलुंड, मुंबई